निलोफरच्या गुडघ्यातलं वंगण

बसप्पा कंपौंडरच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे रोज दिसायचे, पण ते त्याची बायको महादेवी ओढायची. स्वतःच्या हातानं तो भस्माला शिवत नसे. लिंगपूजेत एक दिवस खाडा न करणारा हा माणूस बायकोपुढं डोळे मिटून कपाळ धरतो, याची गावानं पोटभर टिंगल केली. का, ते महादेवीलाही त्यानं सांगितलं नाही. सांगितलं ते घोडे राखणाऱ्या एकट्या रामकिसनला, आणि तेही सांगायला नको होतं, असं निघालं.

निजामी अमल होता. कळंबहून वाशीकडं जाताना सवारांचं एक ठाणं लागायचं, वीसेक घोड्यांचं. त्याला लागून जनावरांचा दवाखाना. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक कपाट आणि बसप्पा. डॉक्टरसाहेब महिन्यातून एकदा यायचे, सह्या करायचे, कोंबडी खायचे आणि जायचे. उरलेले एकोणतीस दिवस घोड्यांचं जगणं-मरणं बसप्पाच्या हातात.

हे मी वाढवून सांगत नाही. घोड्याचा गुडघा सुजला की सुईनं आतलं पाणी काढायचं. बसप्पा त्याला वंगण म्हणायचा, कारण दोन बोटांत धरलं की त्याची तार सुटते. ते काचेच्या नळीत घालून वर पातळ आंबट सिरका ओतायचा. पांढरी घट्ट गाठ जमली आणि भोवतीचं पाणी नितळ राहिलं, तर सूज नुसती मुरगळल्याची; महिनाभर बसवून ठेवला की घोडा बरा. गाठ न धरता चुरा झाला, पाणी गढूळलं, तर सांधा आतून नासला. मग उर्दूत छापलेल्या कागदावर एक शब्द लिहायचा, ‘नाकारा’, म्हणजे निकामी. नाकारा घोड्याला सरकार दाणा घालत नसे. येत्या ऐतवारी भर दुपारी जमादार त्याला ओढ्याकाठी नेऊन गोळी घालायचा.

बसप्पानं नाकारा लिहिलेला पहिला घोडा खरंच नासलेला होता. सुईतून पूच आला होता. पण गोळी घालताना बसप्पा समोर होता आणि त्या मुक्या जिवानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. बसप्पा मुळातच मऊ काळजाचा. त्या दिवसापासून त्यानं नेम धरला. सिरका ओतण्याआधी कनवटीच्या पिशवीतलं चिमूटभर भस्म नळीत सोडायचं आणि मनात म्हणायचं, देवा, याची गाठ धरू दे.

पुढच्या दोन वर्षांत सात घोडे तपासले. एकाचीही गाठ धरली नाही. सिरका पडला की नळीत फेस यायचा आणि पाणी ढवळून जायचं. बसप्पाला वाटायचं, आपली भक्ती कमी पडते. तो दर खेपेला भस्म थोडं जास्त घालू लागला.

सातवा घोडा सुलतान. त्याचा मोतद्दार रामकिसन, घोड्याच्या पायाशीच झोपणारा तरणा गडी. सुलतान गेला तेव्हा रामकिसननं चार दिवस अन्न घेतलं नाही. मग त्याच्या हाती निलोफर नावाची घोडी दिली.

आणि त्यानंतरच्या ऐतवारापासून टापा सुरू झाल्या. ऊन डोक्यावर आलं, ठाणं जेवून लवंडलं की ओढ्याकडून टापा यायच्या. दवाखान्याच्या भिंतीला लागून जायच्या, हौदापाशी थांबायच्या. बसप्पा दार उघडून बघायचा तर वाट मोकळी, फुफाट्यावर ठसा नाही. मोजायचं नाही असं ठरवूनही त्यानं मोजलं होतं. सात घोडे होते. तो घाबरायचा, दार लावून घ्यायचा, गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसायचा. एक गोष्ट मात्र त्याच्या कानाला खटकत राहिली. त्या टापा फार नीट पडायच्या.

साताठ महिन्यांनी निलोफरचा गुडघा सुजला. तपासायला तिला आणली तोही ऐतवारच. रामकिसन बाहेर लगाम धरून उभा राहिला.

‘‘अण्णा, हिला तरी वाचवा,’’ तो म्हणाला. ‘‘हिच्यामागं मला कोन न्हाय.’’

‘‘माज्या हातात काय हाय लेका? नळीत दिसंल ते लिवायचं.’’

बसप्पानं वंगण काढलं, आत जाऊन नळीत घातलं, कनवटीची पिशवी सोडली. तेवढ्यात टापा आल्या. या खेपेला त्या भिंतीपाशी थांबल्या. पत्र्यापलीकडं श्वास ऐकू येत होता, घोड्याचा, लांब आणि ऊन. बसप्पा दचकला. पिशवी जमिनीवर सांडली. भस्माविनाच त्यानं कसाबसा सिरका ओतला आणि बाकाला धरून उभा राहिला.

टापा पुन्हा चालू लागल्या. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. लंगडा घोडा असा चालत नाही. त्याची एक टाप चोरटी पडते. इतकी वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. यातला एकही लंगडत नव्हता.

त्यानं नळीकडं पाहिलं. आत पांढरी गाठ बसली होती, घट्ट, आणि पाणी नितळ.

त्यानं सुईत उरलेलं वंगण दुसऱ्या नळीत घातलं, जमिनीवरचं भस्म चिमटीत उचलून आत सोडलं आणि वर तोच सिरका ओतला. फेस आला. पाणी गढूळलं. आंबट भांड्याला राख लावली की आंबटपणा जातो, हे महादेवीला कुणी न शिकवता ठाऊक होतं. बसप्पा डॉक्टरसाहेबांकडून शिकला होता, म्हणून त्याच्या ते ध्यानात आलं नाही. सिरक्याची धार राखेनं मारली होती. सात धडधाकट घोडे त्यानं दयेपोटी मारले होते.

मग त्यानं कागदावर ‘दुरुस्त’ लिहिलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

महिन्याभरानं निलोफर नीट चालू लागली. तिला हौदावर पाणी पाजताना बसप्पा रामकिसनपाशी गेला. ऐतवारची दुपार होती. घोडीनं पिता पिता एकाएकी मान वर केली आणि बाजूला सरली, कुणाला जागा करून द्यावी तशी. समोरच्या अंगाला पाणी हलत होतं.

बसप्पा बोलला. भस्म, सिरका, सात घोडे, सगळं.

‘‘तुजा सुलतान चांगला व्हता रं,’’ तो म्हणाला. ‘‘म्या मारला त्येला.’’

रामकिसननं हलणाऱ्या पाण्याकडं बोट केलं.

‘‘दर ऐतवारी येतोय त्यो,’’ तो म्हणाला. ‘‘त्येची टाप मला कळत न्हाय व्हय? नीट चालतोय, तेबी कळलं.’’

‘‘मग बोलला का न्हाईस?’’

‘‘मला वाटलं, मेल्यावर बरा झाला आसंल.’’