भिवंडीला न गेलेला आतेभाऊ

अख्ख्या बुऱ्हाणपुरात माझ्या आतेभावाइतका संशयी माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर हा त्याच्यावरही संशय घेईल. वय सव्वीस, बुधवारा मोहल्ल्यात पॉवरलूमवर कामाला. केळी घेताना फणीतलं एकेक केळं दाबून बघणार, कुणी फुकट चहा पाजला तर आधी पाजणाऱ्याला पिऊ देणार. बायको जरा गोड बोलली की हा आपलं कपाट तपासतो! मतदानाचं तर नाव काढायची सोय नाही. अठरा पूर्ण झाल्यापासून एकदाही गेला नव्हता. "दादा, अंदर से सब मिले हुए हैं," तो मला समजावायचा. "आपण कशाला बोट काळं करायचं?" लूमवरचे त्याचे दोस्त माना हलवायचे.

गेल्या वर्षी मतदारयादी तपासायला शाळेतल्या एक बाई दारात आल्या. हातातलं रजिस्टर बघून याला वाटलं, वीजचोरी पकडायला आल्या. झालं! "तो ना? तो तर भिवंडीला गेला, लूमवर. अब नहीं आनेवाला," असं स्वतःबद्दलच ठोकून दिलं साहेबांनी. आमच्याकडची कितीतरी पोरं खरंच जातात, त्यामुळे बाईंनी निमूट लिहून घेतलं. वर हा आठवडाभर आपली हुशारी सांगत फिरला.

यंदा त्याची सख्खी मोठी बहीण पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीला उभी राहिली. गल्लीतली नाली तुंबून पाणी घरात शिरायचं, अर्ज देऊन देऊन बिचारी थकली होती. "बाकीचे देवोत न देवोत, तुझं मत मला पाहिजे," ती त्याला म्हणाली. पठ्ठ्या इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी रांगेत पहिला! मीही मागेच होतो. बघतो तर यादीत त्याचं नाव नाही.

"आप तो भिवंडी चले गए," कापलेल्या नावांची यादी चाळून टेबलावरचे साहेब म्हणाले.

"अरे, मैं सामने खड़ा हूँ ना!"

बाहेर येऊन तो चिडून म्हणाला, "बघितलं दादा? साजिश!" मी रजिस्टरवाल्या बाईंची आठवण करून दिली. त्याचा चेहरा पाहवेना.

ताई हरली, बऱ्याच मतांनी. गल्लीतली पोरं एकेक करून येऊन सांगून गेली, आलो होतो ताई, पण यादीत नावच नव्हतं. अर्धी तर दुपारपर्यंत झोपली होती, हे तिला ठाऊक होतं. शेवटी हा आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"तुझंही नाव नव्हतं वाटतं?" ताईनं विचारलं.

"ताई, मी खरंच आलो होतो गं," तो म्हणाला. "दादाला विचार."