बांध दिसणारं विमान

शिरवळच्या माझ्या साडूला कंपनीनं एकदा परदेशी धाडलं आणि तेव्हापासून तो माणसांत राहिला नाही. दोन मजली विमानात बसून आला म्हणे. खाली उतरून बरीच वर्षं झाली, पण बारशाला बोलवा नाहीतर तेराव्याला बोलवा, पंगत बसली की हा त्या विमानाचा जिना चढायला लागतो.

"पावणं, आत जिना हाय. विमानात जिना."

"वर गेलावता का?"

"न्हाई. तिथं सोडत न्हाईत."

म्हणजे यानं जिना बघितला. जिना आमच्या ग्रामपंचायतीलाही आहे आणि तिथं वर जायला कुणी अडवत नाही. मग मी विचारलं, खिडकीतनं काय दिसलं? तर म्हणाला, खिडकीपाशी एक बाई बसली होती, मला झोप लागली. इतक्या लांब, इतक्या उंच, दोन मजल्यांचं घर घेऊन माणूस उडाला आणि शिरवळच्या आपल्या खाटेवर झोपतो तसा झोपून आला. असल्यांसाठी विमानं कशाला बनवतात? गाद्यांचा ट्रक पुरे होता.

विमानांच्या बाबतीत माझी मतं पक्की आहेत, आणि ती बसून झालेली आहेत, पंगतीत ऐकून नव्हे. फौजेत असताना मालवाहू विमानानं लेहला गेलो. त्यात माणसाला सामानातच धरतात. कडेला जाळीच्या बाकावर आडवं बसवतात, समोर बटाट्याची पोती, आणि आवाज असा की आमच्यातल्या एकानं चंदीगडला तंबाखू मागितली ती शेजारच्याला लेहला उतरल्यावर ऐकू आली. खिडकी म्हणजे डोक्यामागं पुरीएवढं भोक. तरी त्या विमानाला मी नावं ठेवत नाही. ते स्वतःला विमान म्हणवून घेत नव्हतं.

नावं ठेवतो ती आताच्या मोठ्या जेट विमानांना. लेक हैदराबादला असते, त्यामुळं जाणं-येणं असतं. त्यातली माणसं बघा. खिडकीसाठी हमरीतुमरीवर येतात आणि जागेवर टेकल्या टेकल्या खिडकीची झडप खाली ओढतात. आख्खं आभाळ बाहेर उभं, आणि हे अंधारात वेफर्स खात मोबाईलवर दुसऱ्याचं लग्न बघत बसलेले. आणि झडप उघडी ठेवलीच, तर दिसतं काय? पंख. जेटचा पंख खिडकीच्या खाली असतो. एकरभर पत्रा. आमच्या साखर कारखान्याच्या गोदामावर घालून वर उरेल एवढा.

म्हणून माझं आवडतं विमान एकच, कोल्हापुरातनं हैदराबादला जाणारं पंख्याचं बारकं विमान. शहरातली माणसं त्याला भितात. म्हणतात, हादरतं, एसटीसारखं वाटतं. वाटणारच, जन्म गेला एसटीत आणि आता नाकं वर. त्या विमानाला शेपटीकडनं चढायचं, मान वाकवून आत शिरायचं, आणि खिडकीशी बसलं की पंख डोक्यावर, छत्रीसारखा. खालचं सगळं मोकळं. मिरजेच्या खाली कृष्णा एक मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात आमचं गाव आहे. पहिल्यांदा त्या विमानातनं एकटा जाताना बघितलं, तर आधी पाण्याची टाकी दिसली, मग शाळा, मग माझा ऊस, आणि मग बांध.

आता बांधाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझ्या रानाला लागून चुलतभावाचं रान, खालच्या अंगाला आणि वरच्याही. वयानं माझ्याहून लहान, पोटानं मोठा. हा दरवर्षी नांगरटीला ट्रॅक्टरचा रोटर बांधाला घासून न्यायचा. हात असा हलका, की बांधावरच्या मुंग्यांनासुद्धा पत्ता लागत नसे. सकाळी बघतात तर बांधावरचं वारूळ त्याच्या उसात. मी त्याला वारूळ दाखवलं, तर म्हणाला, "दादा, मुंग्या काय तलाठी हाईत व्हय?" दोन्ही टोकांना हद्दीचे दगड आहेत, त्यांच्यामध्ये दोरी धरू म्हटलं की याची कंबर धरायची. मोजणीला अर्ज केला, ते लोक येईपर्यंत ऊस तुटून खोडव्याचं दुसरं पीकही निघालं.

आणि वरून बघितलं तर काय. दगडापासून दगडापर्यंत सरळ जायचा बांध मधेच माझ्या बाजूला पोट काढून बसलेला. हुबेहूब मालकासारखा.

गावी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला डेअरीवर गेलो. सगळं गाव तिथं किटल्या घेऊन उभं असतं, तिथं बोललेलं दुपारपर्यंत खरं होतं. मी जाहीर केलं, की बांध वाकडा आहे, मी आभाळातनं बघून आलोय.

चुलतभाऊ किटली खाली न ठेवताच हसला. "एवढ्या वरनं बांध दिसतोय? मग माझ्या गोठ्याचा पत्रा बी दिसत आसंल की."

"दिसतोय."

"मग असं करू. पुढच्या बारीला जाशीला तवा मी पत्र्यावर काय तरी ठिवतो. काय ठिवलंय त्ये हितं येऊन सांगा. बरोबर आलं तर दोरी धरू, दोरी म्हणंल तिथं बांध. चुकलं तर बांधाचं नाव परत काढायचं न्हाई. जलमभर."

डेअरीचा सेक्रेटरी साक्षीला. चुलतभावानं त्या सकाळी त्याच्या कानात सांगायचं की काय ठेवलंय, आणि त्यानं तोंड मिटून ठेवायचं. मी म्हटलं, चालेल. न चालायला काय झालं? बारकं विमान, डोक्यावर पंख, फौजेतली नजर. पत्र्यावर बसलेल्या कावळ्याचं वय सांगितलं असतं मी.

जायच्या दिवशी कोल्हापूरच्या विमानतळावर पोचलो, तर काउंटरवरच्या पोरीनं लग्नात जिलबी वाढावी तशा प्रेमानं सांगितलं, की आज छोटं विमान नाही, मोठं जेट लावलंय. मी कपाळावर हात मारला. बायको मात्र खूश.

"बरं झालं. त्या बारक्यात माझं गुडघं आखडत्यात."

"अगं, बांध जाईल हातचा."

"आवं, बांध काय विमानात बसलाय?"

सीट मिळाली ती बरोबर पंखावर. खिडकीची जागा आमच्या घरात लग्नापासून तिची, तिथं माझं चालत नाही. विमान उडालं, मी तिच्या खांद्यावरून, मग मांडीवरून, शेवटी पदराखालून मान घालून बघितलं. मागच्या सीटवरचा एकजण खाकरला. मी माघार घेतली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"पत्रा."

"गोठ्याचा?"

"विमानाचा."

गाव आलं आणि गेलं. पाण्याची टाकी नाही, शाळा नाही, बांध नाही. एक राखाडी पंख, आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की इथं पाय ठेवू नका. त्यावर पाय ठेवायला कोण जाणार होतं? असल्या सूचना लिहिण्यात जेटवाल्यांची अक्कल संपते.

लेकीच्या घरी पंचपक्वान्नं झाली, मला सगळं भुशासारखं लागलं. जाताना बघायचं ते पंखाखाली गेलं होतं, आणि परतीचं तिकीट पुण्याचं. मी गॅलरीत बसून विचार करत राहिलो, की त्यानं पत्र्यावर काय ठेवलं असेल. बायको म्हणाली, "सांगा मांजर हुतं. मांजर असतंयच कुठं बी."

पण मी त्या माणसाला लंगोटीपासून ओळखतो. लाल लुगडं ठेवील? उन्हानं विटलं तर बायको घरात घेणार नाही. ताडपत्री? ती शेजाऱ्याकडनं आणलेली, दिसली तर शेजारी मागायला येईल. घमेलं? वाऱ्यानं खाली पडून पोचा येईल. पोतं? पोतं उडालं तर मागं कोण पळणार, पोट? हा माणूस पाहुण्याला चहा देतो तोसुद्धा पाहुणा उठल्यावर. मी सगळं घर त्याच्या पत्र्यावर ठेवून बघितलं आणि एकेक वस्तू परत खाली आणली. शेवटी पत्रा रिकामा राहिला. तेव्हा मला चार दिवसांनी भूक लागली.

गावी आलो. डेअरीवर त्या दिवशी म्हशींनीही लवकर पान्हा सोडला असावा, एवढी गर्दी. कुणीतरी मागून शंका काढली, "ह्या बारीला मोठं विमान हुतं म्हणं. त्यातनं दिसतं व्हय?"

"मोठ्यातनं तर जास्त दिसतं," मी म्हटलं. "त्यात पंखावरची सीट. पंखावर विमान हादरत नाही, नजर ठरते. आरशात बघितल्यासारखं दिसलं."

"मग सांगा," चुलतभाऊ म्हणाला. त्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं. तेच बघून माझी उरलीसुरली शंका फिटली.

मी किटली खाली ठेवली. "गड्या, तू पत्र्यावर काय बी ठिवलं न्हवतंस."

सेक्रेटरीच्या हातातलं माप हवेतच राहिलं. त्यानं चुलतभावाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाला, "बरोबर हाय. मोकळाच ठिवणार म्हणालावता."

त्याच दिवशी दोरी धरली. ती माझ्याच गोठ्यातली दोरी होती, त्याच्या घरात दोरी निघाली नाही. बांध सरळ झाला, वारूळ पुन्हा बांधावर आलं, मुंग्या स्वगृही. गावात माझं वजन असं वाढलं, की म्हैस हरवली तर लोक विचारायला यायचे, हैदराबादला कवा जाणार म्हणून.

चुलतभाऊ मात्र उसाला दोन पाणी होईपर्यंत बोलला नाही. मग एक दिवस घरी आला, चहा घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाला, "दादा, मेव्हण्याकडं हैदराबादला जाऊन यावं म्हणतोय. कुठल्या विमानात बसू?"

याला वरनं माझे बांध बघायचे होते, हे न कळायला मी काय साडू आहे? पहिल्यांदाच या माणसाबद्दल मला माया वाटली.

"मोठं जेट बघूनच तिकीट काढ," मी म्हटलं. "बारकं नगं, लय हादरतं. आणि सीट पंखावरची माग. खिडकीची. दुसरी दिली तर घेऊ नगंस, भांड."

तो भांडला आणि त्यानं ती मिळवली. तो जाऊन येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. जेवताना ठसका लागायचा. आयुष्यात एकदा विमानात बसणार, आणि बघणार काय, तर एकरभर पत्रा.

तो परत आला त्या सकाळी मी डेअरीवर सगळ्यांच्या आधी जाऊन उभा होतो. चुलतभाऊ आला. नवा सदरा. किटली ठेवली.

"दिसलं," तो म्हणाला. "सगळं सवच्छ. दादांचा वरल्या अंगाचा बांध माझ्याकडं आलाय. लय न्हाई, दोन सऱ्या."

मी तोंड उघडलं. त्या सीटवरनं पंखाशिवाय काही दिसत नाही, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. सेक्रेटरीनं माझ्याकडं बघितलं.

"दादा, तुमी बी त्याच सीटवरनं बघितलंवतं न्हवं?"

"व्हय."

"सवच्छ दिसतं न्हवं तिथनं?"

चुलतभाऊ माझ्याकडं न बघता मिशी पुसत होता.

"आरशासारखं," मी म्हटलं.

दुपारी वरच्या अंगाला दोरी धरली. एक टोक त्यानं धरलं, एक मी. दोरी या वेळी त्यानंच आणली होती. माझीच होती. मागच्या वेळेची त्यानं परत केली नव्हती.