हरजीतचा कछेरा

माझं गाव लासूर स्टेशन. नर्सिंग असिस्टंट म्हणून मला एका शीख पलटणीला अटॅच केलं, पोस्टिंग बर्फातली. तिथं नायक हरजीत सिंग भेटला. त्याचं घर उस्मानपुऱ्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मी त्याचा पिच्छाच सोडत नसे.

हरजीत अमृतधारी, म्हणजे खालशाची दीक्षा घेतलेला शीख होता. केस, कंगवा, कडं, कृपाण आणि कछेरा म्हणजे गुडघ्यापर्यंतची चड्डी, या पाच गोष्टी त्याच्या अंगावर कायम. आंघोळीनंतर तो ओल्या कछेऱ्यातून एक पाय काढी, कोरड्यात घाली, मगच दुसरा. त्या थंडीतली ही कसरत बघून मला हसू आवरेना.

"हस लेका," तो म्हणाला. "दहाव्या गुरूंनी भर सभेत तलवार उपसून डोकं मागितलं. एकामागं एक पाच जण उठले. त्यातला एक आपल्या दख्खनचा, बीदरचा न्हावी. गुरूंनी पाचांना एकाच लोखंडी भांड्यातून अमृत पाजलं, मंग हात जोडून त्यांच्याकडूनच सोता घेतलं. तिथून खालसा झाला. डोकं तर तवाच देऊन टाकलंय. ही त्याची वर्दी. पुरी उतरायची नाय. मला काय झालं तर तू हायेस, ध्यानात ठेव."

"गप ए," मी म्हणालो.

त्याच हिवाळ्यात वरच्या पोस्टला रसद नेताना हिमकडा कोसळला. दुपारी हरजीतला खणून काढलं. मी छाती दाबत राहिलो. शेवटी पलटणीच्या डॉक्टरांनी, एमओ साहेबांनी माझा हात धरला.

"बस. वो गया."

देह घरी पाठवायचा होता. कपडे भिजून चिंब. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत, पिठूत, कोरडा कछेरा होता. तेवढ्यात रेडिओ खरखरला, "मौसम बिगड रहा है. हेलिकॉप्टर रुकेगा नहीं. ओव्हर."

साहेबांनी कात्री पुढं केली. "काट दो."

"नहीं सर. एक पैर पहले." कछेरा पुरा उतरायचा नाही, हे मी घाईघाईनं सांगितलं.

साहेबांनी कात्री ठेवली, रेडिओ उचलला. "दस मिनट दो. ओव्हर." मग येऊन त्यांनीच हरजीतचा गुडघा धरला. पाय ताठले होते. एक काढला, कोरड्यात घातला, मग दुसरा. मी रडत होतो आणि हात चालवत होतो. हेलिकॉप्टर थांबलं.

रजेवर आल्यावर उस्मानपुऱ्यात गेलो. त्याच्या आईनं चहा दिला.

"बेटा, त्याचे कपडे कुणी बदलले?"

"मी, मावशी."

"दोन्ही पाय एकदम तर नाय काढले?"

"नाय. आधी एक."

तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग ती रडली.