दातांनी ऐकणारे हेडफिटर

देहूरोडपासून भोसरीपर्यंत आमच्या शेजारच्या हेडफिटरांइतका तयार कान कुणाचा नव्हता, आणि त्यांच्याइतका बहिरा माणूसही नव्हता. आम्ही दोघं एकाच कंपनीत; मी ऑफिसात, ते प्रेसशॉपमध्ये. मशीन कुरकुरलं की बाकीचे फिटर स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावत. हे गृहस्थ मूठ दातांत धरत, डोळे मिटत आणि हळूच म्हणत, "तिसरं बेअरिंग रडतंय. शनवारपातुर टिकंल." बेअरिंग शनिवारी निमूटपणे जाई. अख्खं शॉप घसा फोडून बोले, हे मात्र देवळात बोलल्यासारखे. त्या खडखडाटात त्यांना हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ येई.

घरी मात्र कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तरी त्याच्याशेजारी बसून ते शांतपणे चहा पीत. वहिनी कडाडत, "कंपनीतलं समदं ऐकू येतं, माझंच तेवढं येत न्हाई व्हय?" सगळी चाळ वहिनींच्या बाजूची. मीसुद्धा. सोयीचं बहिरेपण म्हणून आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि तेही न ऐकता आमच्याबरोबर हसले.

शेवटी वहिनींनी त्यांना पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. डॉक्टरांनी कान तपासायचा एक पोलादी चिमटा ठोकून घुमवला आणि कानासमोर धरला, काही नाही. तोच कानामागच्या हाडाला टेकवला, तर हे दचकले. परत आल्यावर आठवडाभर त्यांनी चाळीत कानाचं प्रवचन लावलं. "आवं, कानात हातोडी हाय, ऐरण हाय, रिकीब हाय, घोडेस्वार पाय अडकवतो तसली. पडदा हालला की हातोडी ऐरणीला ढकलती, ऐरण रिकिबीला, अन् रिकीब आतल्या गोगलगाईवानी नळीतलं पाणी हलवती. पाण्यात बारीक केस हायेत. ते वाकलं की करंट तयार, थेट मेंदूला! माझी निस्ती रिकीब जाम झालीय. वायरिंग ओके." हवेतून आलेला आवाज त्या रिकिबीपाशी अडे, हाडातून आलेला परस्पर आत पोचे. कंपनीत लोक बोंबलून बोलत, म्हणून तिथे भागे. ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, "बिघडलं तर हाय तेबी जायचं. चालू मशीन खोलू नये, राव." वहिनी मात्र त्या आठवड्यात कुणाशीच भांडल्या नाहीत. एवढी वर्षं उगाच बोलले, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या.

त्यांची एकुलती एक मंगल दहा वर्षं पेटी शिकत होती. रोज वाजवून झालं की हे मान डोलवत "झ्याक" म्हणत. तिचं लग्न ठरलं, पेटी तिच्याबरोबर सासरी जायची होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर ती वाजवत होती आणि हे खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून रुमालाने पुसत होते. त्यांनी टोक पेटीच्या लाकडाला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मला हसू आवरेना. मग त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि माझं हसू विरलं. मंगल थांबली, तर त्यांनी हातानेच 'वाजव' म्हणून खुणावलं.

बऱ्याच वेळाने मूठ तोंडातून काढून म्हणाले, "मंगे, डाव्या अंगाची एक पट्टी हवा खातीय, ती बदलून देतो." मग आणखी हळू म्हणाले, "आन् इतकी वर्सं झ्याक म्हणत हुतो, ते तुझी बोटं बगून. आज ऐकून म्हणतो."

मंगलने माहेरून काही मागून नेलं नाही. तो स्क्रूड्रायव्हर तेवढा तिने पेटीच्या खोक्यात ठेवून घेतला. बाबा येतील तेव्हा लागेल म्हणाली. कंपनीने त्यांना नवा दिला. त्यातून पहिल्यासारखं ऐकू येत नाही, अशी तक्रार ते रिटायर होईपर्यंत करत राहिले.