मुकादमांची झारी

आमच्या उत्खननावरचे मुकादम वारले. परवा त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा कळलं. मला लिहिण्याची सवय नाही आणि हे नीट उतरेल याची खात्रीही नाही. पण त्या दुपारी खड्ड्याच्या काठावर त्यांच्याशेजारी मीच होतो.

मी तिथे नकाशे काढायचो. जमिनीखाली एका फार जुन्या राज्याचं देऊळ सापडलं होतं. तिथल्या राजानं मूळ देवीला कोपऱ्यात सारून गाभाऱ्यात स्वतःची मूर्ती बसवली होती, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. "याला जिवंतपणीच देव व्हायची घाई," मुकादम म्हणायचे.

खड्ड्याच्या उभ्या भिंतीत मातीचे थर दिसत. खाली देवळाची फरशी, तिच्यावर जळलेल्या छपराची राख, मग पुराचा गाळ. माती सुकली की सगळं एकसारखं मळकट होतं. पाण्याचा हलका शिडकावा केला की रंग पुन्हा उठतात. या कामात मुकादमांचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि फोटोच्या दिवशी तर त्यांना भानच राहत नसे. त्या दिवशी फोटो होते. एक झारी पुरली असती. त्यांनी दुसरीही रिकामी केली, तीही भिंतीच्या माथ्यावर.

खाली राजाच्या चेहऱ्यावरची माती धाकटा काढत होता. मुकादम त्याला धसमुसळ्या म्हणत आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडून फक्त टोपल्या उचलून घेत. त्या सकाळी आमच्या प्रमुख बाईंनी परस्पर ब्रश त्याच्या हाती दिला होता. मुकादम तेव्हापासून घुश्शात होते.

फोटो संपले, मंडळी जेवायला गेली. आम्ही दोघे मागे राहिलो होतो. चालता चालता मुकादमांनी माझा दंड धरला. काठापासून हातभर आत जमिनीला भेग गेली होती, केसाएवढी. आमच्यादेखत ती फाकली आणि एक खडा तिच्यात घसरून दिसेनासा झाला.

धाकटा त्याच भिंतीच्या पायथ्याशी बसला होता. त्याची शिडीही तिलाच टेकलेली. समोरच्या बाजूला मातीत कोरलेल्या पायऱ्या होत्या, पण तिकडे जायला मूर्तीला वळसा घालावा लागे.

मी हाक मारणार, तोच मुकादम पुटपुटले, "ओरडू नका. घाबरला की शिडीवरच झेप घेईल."

आम्ही लांबून फिरून पायऱ्यांच्या बाजूला आलो.

"काय रे, जेवायचं नाही का?"

"एवढा ओठ झाला की येतो," धाकटा मान वर न करता म्हणाला.

"ओठ काय पळून चाललाय? ऊठ, इकडून ये."

"ब्रश काढून घ्यायची वाटच बघतोयस ना, दादा?"

"ब्रश राहू दे तुझ्याकडं. ये."

"मग शिडीनंच येतो की."

तो उठला आणि त्यानं शिडीला हात घातला. वरून ओंजळभर माती त्याच्या खांद्यावर सांडली. त्यानं ती नुसती झटकली. मुकादमांच्या हातातली रिकामी झारी कडीशी कुरकुरत होती. त्यांचा आवाज मात्र रोजचाच होता.

"शिडी नको. तुझं काम बघायचंय मला. इथनं उजेड चांगला पडलाय. इथं येऊन दाखव, काय काय काढलंस ते."

धाकटा थबकला. भावानं त्याला असं कधी विचारलं नव्हतं. शिडीवरचा हात सुटला.

"आत्ता?"

"आत्ताच. एकदा बाई आल्या की मला कोण विचारतंय?"

तो हसला. राजाच्या गुडघ्याला घासून निम्म्यापर्यंत आला आणि मागे वळला. "माती खरवडायची करणी राहिली."

"राहू दे."

"तुझी आहे. हरवली तर महिनाभर ऐकवशील."

"नाही ऐकवणार. ये रे."

त्याचा पाय दुसऱ्या पायरीवर पडला, तशी मुकादमांनी गुडघे टेकून त्याची कॉलर धरली आणि त्याला वर ओढलं. त्यामागोमाग भिंत बसली. फारसा आवाजही झाला नाही, पोतं उलटं करावं तेवढाच. शिडी, करणी, राजा, सगळं मातीखाली गेलं.

धाकटा बराच वेळ खोकत होता. मग म्हणाला, "काम बघितलंस का?"

"नाही. भिंतीवरून नजर हलेना माझी."

बाई धावत आल्या. कुणी विचारायच्या आत मुकादम म्हणाले, "पाणी मी जास्त घातलं." आणि झारी बाईंच्या पायाशी ठेवली.

भिंत उतरती कापून पुन्हा खोदायला घेतलं. मूर्तीपर्यंत पोचल्यावर बाईंनी ब्रश मुकादमांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि धाकट्याला दिला. राजाचं नाक गेलं होतं, बाकी चेहरा शाबूत होता. तो पुरता मोकळा झाला तेव्हा मुकादम पायऱ्यांवर उभे राहून कितीतरी वेळ बघत राहिले.

"कान राहिलाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ओठ चांगला काढलायस."

परवा फोनवर धाकट्यानं भाऊ गेल्याचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "ओठाबद्दल तो तसं म्हणाला होता ना? तुम्ही होतात ना तिथं?"

हो, मी होतो.