चालू लॅपटॉपला घातलेली खोळ

आमच्या थोरल्या काकांनी आयुष्यभर एकच काम केलं, बंद करण्याचं.

छापखान्यात ते एकतीस वर्षं होते. छापण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. शेवटचा कामगार हात धुवायला गेला की यांची एंट्री. मशीनचं बटण बंद करायचं, मग मशीनच्या पाठीवर तळवा ठेवून उभं राहायचं. गार लागलं की वर जाड कापडाची खोळ चढवायची आणि पुढचं मशीन. सात मशीनं, सात खोळी. एवढ्या भांडवलावर हा माणूस घरी येऊन सेनापतीसारखा बसायचा.

"लागली का कधी आग आमच्या छापखान्यात?"

"नाही."

"का नाही लागली?"

याचं उत्तर 'तुमच्यामुळे' असं द्यायचं असे. शेजारच्या छापखान्यालाही कधी आग लागली नव्हती, पण तो विषय कुणी काढत नसे.

निवृत्त झाले आणि घर त्यांच्या तावडीत सापडलं. न्हाणीघरात माणूस असताना दिवा जाई. काकू चष्मा आणायला उठली की टीव्ही बंद. पोरांनी त्यांचं नाव 'मेन स्विच' ठेवलं. काकांना तो सत्कार वाटला.

त्यांची सून, म्हणजे माझी वहिनी, दुकानं, दवाखाने आतून कसे दिसावेत ते आखून देते. नोकरी सोडून तिनं स्वतःचं पहिलं काम मिळवलं होतं. एका दातांच्या डॉक्टरांचा नवा दवाखाना. सहा चित्रं सकाळी दहाला दाखवायची होती. ती पोचली नाहीत तर काम जाणार होतं तिच्या जुन्या साहेबाकडे, जो निरोप देताना "येशील परत" असं गोड हसून म्हणाला होता. खिडकीतून उजेड कसा येईल, सावली कुठे पडेल, याचा हिशेब करत लॅपटॉप एकेक चित्र पुरं करतो. एकाला दीड तास. म्हणजे रात्रभराचं काम.

"रात्रभर? चालू?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, माणूससुद्धा रात्री आडवा होतो."

"बाबा, तो माणूस नाहीये."

"मशीन आहे ना? मग मशीनचं मला शिकवू नकोस. असं चालवलंस तर वर्षात भंगारात जाईल."

"काही होत नाही हो. टेबलावर आहे, खालून हवा खेळतेय, वायर धड आहे. तुम्ही फक्त बंद करू नका. शब्द द्या."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"शब्दावर आहे. बोटांवर नाही."

स्वयंपाकघरात काकूला फुटलेलं हसू तिनं खोकल्यात दडवलं.

काकांनी शब्द दिला आणि पाळलाही. वहिनी झोपल्यावर त्यांनी लॅपटॉपवर फक्त तळवा ठेवला. गरम! आता बंद करायची चोरी. या माणसाला जन्मात दोनच गोष्टी येत होत्या आणि त्यातली एक करायला मनाई होती. मग त्यांनी दुसरी केली. जुनी रजई कापून लॅपटॉपच्या मापाची एक खोळ त्यांनी आधीच शिवून ठेवली होती, धूळ बसू नये म्हणून. ती घातली, चारी कोपरे खाली नीट खोचले आणि समाधानानं घोरायला गेले.

सकाळी सातला वहिनीची हाक घरभर गेली. "बाबा!"

"मी बंद नाही केला!" अंथरुणातूनच उत्तर आलं. प्रश्न अजून यायचा होता.

"हे काय आहे?"

"खोळ."

"छापखान्यात कधी चालू मशीनला खोळ घातली होतीत?"

"तिथं बंद करायची परवानगी होती."

वहिनी डोकं धरून खाली बसली. "रात्रभर चालल्यानं काही झालं नसतं, बाबा. तुम्ही त्याचा श्वास कोंडलात. तापला आणि जीव वाचवायला आपला आपण बंद पडला."

"आपला आपण?" काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी त्यालाही माझंच पटलं!"

सहापैकी दोन चित्रं पुरी झाली होती, संडास आणि बोळ. ती घेऊन वहिनी गेली. डॉक्टरांनी संडास बराच वेळ पाहिला.

"रुग्णाला बसवायचं कुठे?"

"सासऱ्यांनी लॅपटॉपला पांघरूण घातलं," वहिनीनं खरं ते सांगून टाकलं. "उद्या दहापर्यंत वेळ द्या."

डॉक्टर हसले नाहीत. "उद्या दहा," एवढंच म्हणाले. "अकराला तुमचे जुने साहेब येताहेत."

त्या संध्याकाळी लॅपटॉप वहिनीच्या खोलीत गेला आणि दाराला आतून कडी लागली. काका बाहेर घुटमळत राहिले.

"निदान हात लावून बघू दे गं. तापला असेल."

"तापू दे!"

"अहो," काकू खोळ घेऊन आली आणि ती तिनं त्यांच्या डोक्यावरून खाली ओढली. "ही घ्या तुम्हीच. तुम्ही बंद झालात की घर झोपेल."

सकाळी सहाच्या सहा चित्रं तयार होती, आणि साडेदहाला काम वहिनीचं झालं. लॅपटॉप ठणठणीत. काका खाली रखवालदाराला गाठून उभे होते.

"आमच्याकडे रात्रभर मशीन चालतं, पण बंद पडायची टाप नाही," छाती काढून ते सांगत होते. "का नाही पडलं, विचार."

रखवालदारानं विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.