रॉक येल

शाळेत असल्यापासनं मी नकला करायचो. चढाला लागलेली एसटी, साखर कारखान्याचा भोंगा, आमचे हेडमास्तर, आणि हेडमास्तरांवर वरडणाऱ्या त्यांच्या मिसेस. ह्या शेवटच्या नकलेनं माझी शाळा संपली आणि मंगळवार पेठेतल्या एका ऑर्केस्ट्रानं मला ठेवून घेतलं. दोन गाण्यांच्या मधी वाद्यं जुळवायला लागतात, तेवढ्यात मी माइकवर यायचो. लोक हसून होईपर्यंत ढोलकी आवळून व्हायची.

ऑर्केस्ट्रात एक गायक होता. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. मुंबईच्या एका लई मोठ्या गायकाचा आवाज तो हुबेहूब काढायचा. इतका हुबेहूब, की बोर्डावर त्या गायकाचं नाव बैलाएवढं आणि त्याच्याखाली दादाचं शेळीएवढं असायचं. एकदा चहाच्या गाड्यावर दादा मला म्हणाला, "सगळ्या गावाची नक्कल करतोस. माझी कर की एकदा."

केली. त्यानं डोळं मिटून ऐकली. "ही त्याची झाली रं. माझी कर."

परत केली. परत त्या मुंबईवाल्याचीच झाली.

"दादा, तुमचं वेगळं असं कायच घावंना की," मी म्हटलं. चेष्टेत म्हटलेलं. पण दादा अर्धा चहा ठेवून उठला.

त्यानंतर त्यानं सोलो काढायचं मनावर घेतलं. स्वतःचं गाणं, स्वतःच्या आवाजात, आणि ते पण रॉक. मिरजेचा एक गिटारवाला गाठला. त्याच्या पायाखाली एक डबी असायची. ती दाबली की गिटार अशी गुरगुरायची, जशी पिठाच्या गिरणीत खडा अडकलाय. गाणं प्रेमाचं होतं: "वात विझली, रात पेटली, जीव जळतो, हाय!" हे "हाय" दादा मान मागं टाकून टाचेपासनं ओढून काढायचा. मग सगळी वाद्यं एकदम बंद. घटकाभर चिडीचूप. मग धडाम. "ती शांतता हाय न्हवं, तीच रॉक," असं त्यानं आम्हाला समजावलेलं.

कॅसेट निघाली. दोन्ही बाजूला तेच एक गाणं. शाहूपुरीतल्या कॅसेटवाल्यानं ती उलटीपालटी करून बघितली.

"सोलो म्हंजी?"

"एकट्यानं गायलेलं," दादा म्हणाला.

"का? दुसरं कोण यायला तयार न्हवतं व्हय?"

त्यानं कॅसेट लावली, गिटार गुरगुरली, तशी त्यानं पटकन बंद केली. कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसलं. परत लावली. परत पुसलं. शेवटी म्हणाला, "पावणं, तुमच्या गाण्यानं माझ्या टेपचा पट्टा गेला बघा." आमच्या दूध कट्ट्यावर तर त्याहून वाईट झालं. तिथं म्हशी उभ्या करून गिऱ्हाईकासमोर धार काढतात. शेजारच्या गाड्यावर दादानं हौसेनं कॅसेट लावायला दिली, आणि एकही म्हस पान्हा सोडंना. गवळी धारेचं भांडं घेऊन दादाच्या मागं लागला.

ऑर्केस्ट्राचे मालक हे सगळं ऐकून होते. त्यांनी दादाला बोलावलं. "नेसरीच्या जत्रंत एकदा म्हण. पब्लिक बसून ऱ्हायलं तर गाणं कायम. उठलं, तर हे खूळ डोस्क्यातनं काढायचं आणि जलमभर त्या मुंबईवाल्याच्याच आवाजात गायाचं. कबूल?"

"कबूल," दादा म्हणाला, पण घोटभर पाणी पिऊन.

नेसरीत दिवस मावळायला कार्यक्रम चालू झाला. सगळं मैदान भरलेलं. दादाला नीट ओळख करून द्यायची म्हणून मी घसा खाकरला आणि जोरात म्हटलं, "मंडळी, आता तुमच्यासमोर रॉक येल!"

आमच्याकडं येईलला येल म्हणतात. पण माइक जुना, कर्णा त्याहून जुना. मैदानाच्या टोकाला ते गेलं, "आता तुमच्यासमोर रॉकेल!"

रेशनच्या दुकानात कितीतरी दिवस रॉकेल आलेलं नव्हतं. बायका चुलीपुढं फुंकून फुंकून बेजार. पहिल्यांदा एक बाई उठली. मग तिच्यामागची ओळ. मग अर्धं मैदान.

"उठलं की रं पब्लिक!" मालक विंगेतनं म्हणाले. दादा पांढराफटक. गिटारवाल्यानं तोवर डबी दाबलेली, त्यामुळं थांबता पण येईना. दादा रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडं बघत गात सुटला. पहिलं कडवं संपायला लोक परत आले. हातात कॅन. डबे. एकाच्या डोक्यावर आख्खं पिंप. सोबत शेजारीपाजारी.

"वात विझली, रात पेटली, जीव जळतो, हाऽऽय!" वाद्यं बंद. चिडीचूप.

त्या शांततेत पुढचा एक फेटेवाला मनापासनं म्हणाला, "कुठं हाय?"

धडाम. परत "हाऽऽय!" परत चिडीचूप. आता बायका, "कुठल्या दुकानात हाय?"

मला काय राहवंना. दुसऱ्या माइकवर जाऊन मी रेशन दुकानदाराचा आवाज काढला, "न्हाय! संपलं! म्होरच्या आठवड्यात या!"

मैदान काय उसळलं म्हणता! लोकांनी रिकामे डबे बडवायला सुरुवात केली, ते पण ठेक्यात. दादा भडकला. गाणं थांबवून माइकवर वरडला, "अहो, हे प्रेमाचं गाणं हाय!"

"हाय? कुठं हाय?" सगळं मैदान.

मग मात्र दादानं चिडून जे "हाय" काढलं, ते शेवटाला टर्रकन फाटलं. वन्स मोर, वन्स मोर. दर वन्स मोरला ते फाटतच गेलं. मालक डोकं धरून बसले. "उठलं बी, बसलं बी. आता ह्याचा निकाल कसा लावू मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या एसटीत दादा खिडकीला डोकं टेकून बसलेला. "प्रेमाचं गाणं रं," एवढंच अधनंमधनं. गाडी सुटता सुटता खालनं एकानं विचारलं, "जागा हाय का?"

कंडक्टरनं मान मागं टाकली. "हाऽऽय!" आणि शेवटाला आवाज फाडला, टर्रकन. मग थांबला. आख्खी गाडी चिडीचूप. मग घंटीची दोरी ओढून टण्ण.

दादा ताठ बसला. "हे कुणाचं काढलं ह्यानं?"

"तुमचं," मी म्हटलं.

"त्या मुंबईवाल्याचं न्हाय?"

"त्याचं असलं फाटतंय व्हय कधी?"

दादानं कंडक्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू काढ बघू."

मी मान मागं टाकली आणि काढलं. पहिल्या झटक्यात आलं. तिकिटं काढायची सोडून कंडक्टर मागं वळून बघायला लागला.

"बरं हाय," दादा म्हणाला. "पण शेवटाला जरा कमी फाड. माझं एवढं फाटत न्हाय."